धंतोलीतील 'कोरडे डोळे' विभाग : अश्रूंच्या मागे ग्रंथीपर्यंत जाणारी तपासणी

नागपुरात डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, सकाळी पापण्या चिकटून बसणे या तक्रारी फारशा कोणी मनावर घेत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, नवतपा लागला की दुपारचा वारा तोंड भाजून काढतो, आणि "उन्हाने होते, गुलाबपाणी घाला" हे उत्तर घराघरांत तयार असते. माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, बाबतीतही बराच काळ हेच चालले होते. मात्र तिचा त्रास पावसाळ्यात ओसरला नाही, हिवाळ्यातही नाही, आणि पुढे तोंडालाही कोरड पडू लागली, तेव्हा तिच्या दंतवैद्यांच्या सांगण्यावरून आम्ही धंतोलीतील एका नेत्र रुग्णालयाच्या 'कोरडे डोळे' विभागात गेलो. तेथे ताईला शोग्रेन हा आजार असल्याचे निदान झाले. त्या विभागाच्या सेवेबद्दल हा अभिप्राय आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे उणिवाही सांगायच्या आहेत आणि वाचकाच्या हाती नावापेक्षा कसोट्या लागणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोणत्याही गावातील अशा विभागाला त्या लावून पाहता येतील.

या विभागाची सर्वांत मोठी जमेची बाजू आधीच सांगते. येथे डोळ्यांच्या कोरडेपणाकडे अश्रुग्रंथीच्या आजाराचे लक्षण म्हणून पाहिले जाते, आणि ग्रंथी का बिघडली असावी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जातो. डॉक्टर मॅडमनी डोळ्यांना हात लावण्याआधी ताईला जे प्रश्न विचारले, त्यांतले निम्म्याहून अधिक डोळ्यांबद्दल नव्हतेच. कोरडा घास पाण्याशिवाय गिळता येतो का, रात्री पाणी प्यायला उठावे लागते का, गेल्या काही वर्षांत दात अचानक किडू लागले का, कानाखाली गालाच्या मागच्या बाजूला सूज येऊन जाते का, सकाळी बोटे आखडतात का, सर्दी-ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. पोहे खाताना दर दोन घासांना पाणी लागते, आणि आयुष्यभर चवीने खाल्लेला सावजी रस्सा आता जिभेला नुसता टेकला तरी आग होते, असे ताईने सांगितले. हे तिने यापूर्वी कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. ॲलर्जीची जी गोळी ती स्वतःच्या मनाने घेत होती, तीही अश्रू आणि लाळ दोन्ही कमी करणाऱ्यांपैकी निघाली. ती त्याच दिवशी बंद झाली.

तपासणीतील काटेकोरपणाचे उदाहरण म्हणून शिर्मर चाचणीचे वर्णन करते. ऑटो शिर्मर या नेत्रतज्ज्ञांनी १९०३ मध्ये ती वर्णिली आणि आजही ती सर्रास वापरली जाते. गाळणकागदाची ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी एका टोकाला दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अडकवतात आणि ५ मिनिटांत ओल किती मिलिमीटरपर्यंत चढते ते मोजतात. चाचणी इतकी साधी आहे की ती निष्काळजीपणे करण्याचा मोह होतो. आधीच्या एका ठिकाणी ती ताईला गरगर फिरणाऱ्या पंख्याखाली बसवून केली गेली होती. येथे तंत्रज्ञ मुलीने आधी खोलीतील पंखा आणि एसी दोन्ही बंद केले, दार लावून घेतले, ताईला थोडा वेळ शांत बसू दिले, "काकू, डोळे हळूच मिटून ठेवा, चोळू नका" असे सांगितले आणि मगच पट्ट्या लावल्या. वेळ संपताच ओलीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारून, दोन्ही पट्ट्यांवर 'उजवा' आणि 'डावा' असे लिहून, त्या फाइलमधील कागदावर चिकटवल्या. उजव्या पट्टीवर ३ मिलिमीटर आणि डाव्या पट्टीवर ४ मिलिमीटर ओल होती. ५ किंवा त्याहून कमी आकडा शंका घेण्याजोगा मानतात. पट्टीच समोर असल्यामुळे आकडा आम्हालाही तपासता आला. छापील अहवालात ही सोय नसते.

त्यानंतर फ्लोरेसीन आणि लिसामिन ग्रीन या दोन रंगद्रव्यांनी बुबुळ व त्याभोवतीचा पांढरा भाग तपासला गेला. लिसामिन ग्रीन इजा झालेल्या पेशींवर हिरवे ठिपके उमटवते, आणि त्या ठिपक्यांची दाटी पाहून गुण दिले जातात. भिंगातून दिसणारे चित्र समोरच्या पडद्यावर दाखवण्याची सोय येथे आहे. आपल्या डोळ्याच्या कडेला पसरलेली हिरवी रांग पाहिल्यावर ताईने गुलाबपाण्याची बाटली फेकून दिली. त्याआधी कोणाच्याही सांगण्याने ती फेकली गेली नव्हती.

रक्ततपासणीच्या बाबतीतही विभागाचा विचार स्पष्ट आहे. केवळ एएनए ही पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची सर्वसाधारण चाचणी करून थांबण्याऐवजी रो, म्हणजे एसएसए, आणि ला, म्हणजे एसएसबी, या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे स्वतंत्रपणे मोजून घ्यायला सांगितली जातात. एएनए नकारात्मक आली म्हणून शोग्रेन नाही असे म्हणता येत नाही, हे मॅडमनी ठामपणे सांगितले आणि ते बरोबर आहे. ताईची रो प्रतिपिंडे सकारात्मक आली. खालच्या ओठाच्या आतून छोट्या लाळग्रंथी काढून करण्याची बायोप्सी तिला करावी लागली नाही, आणि ती का लागली नाही हेही कागदावर मांडून दाखवण्यात आले. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांनुसार रो प्रतिपिंडांना ३ गुण, ओठाच्या बायोप्सीतील ठरावीक दाहाला ३ गुण, आणि शिर्मर, रंगद्रव्याची चाचणी व लाळेचा मंद प्रवाह यांना प्रत्येकी १ गुण आहे. एकूण ४ गुण झाले की शोग्रेन आजार मानला जातो. हे निकष मुळात संशोधनासाठी बनवलेले असले तरी रुग्णाला विनाकारण सुरी लागू नये यासाठी त्यांचा असा उपयोग होताना पाहून मला समाधान वाटले. हिपॅटायटिस सी आणि आयजीजी-४ (प्रतिपिंडांचा एक प्रकार) यांच्याशी निगडित आजारांतही ग्रंथी कोरड्या पडतात, म्हणून त्या तपासण्याही करून घेण्यात आल्या.

शोग्रेन हा स्वयंप्रतिकार आजार आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवर चालून जाते, आणि सांधे, त्वचा, फुप्फुसे, नसा यांनाही झळ पोहोचू शकते. दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो चाळिशी-पन्नाशीत गाठतो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञांनी १९३३ च्या आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांची निरीक्षणे मांडली, त्यावरून आजाराला हे नाव मिळाले. चाळिशी-पन्नाशीच्या बाईने डोळे, तोंड, थकवा आणि सांधे अशी चार ठिकाणची तक्रार केली की आपल्याकडे ती पाळी जाण्याच्या खात्यावर टाकली जाते. म्हणून निदानाला उशीर होतो, आणि तेवढ्या काळात दात जातात.

निदानानंतर या विभागात रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी एक माहितीसत्र होते आणि एक मराठी पुस्तिका दिली जाते. मी नागपुरातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले असल्याने या भागाकडे माझे अधिक बारकाईने लक्ष होते, आणि अभिप्रायाचा मोठा भाग मी त्यालाच देणार आहे. ग्रंथीच्या पेशीत नेमके काय बिघडते, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न मी अन्य कोणत्याही रुग्णालयात पाहिलेला नाही.

सत्राची सुरुवात एका चांगल्या प्रश्नाने झाली: अश्रू कमी झाले हे कळले, पण जे येतात ते तरी ठीक असतात का? अश्रू म्हणजे खारे पाणी असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अश्रुग्रंथीतील पेशी लॅक्टोफेरिन, लायसोझाइम अशी जंतुरोधक प्रथिने आणि प्रतिपिंडे पाण्याबरोबर डोळ्यात पाठवतात. ही प्रथिने आंतर्द्रव्यजालिका या पेशीतील पडद्यांच्या जाळ्यावर तयार होतात, गॉल्गी संकुलात त्यांची छाननी होते आणि तेथून ती सूक्ष्म पिशव्यांत भरून पेशीच्या त्या टोकाकडे जातात जे नलिकेच्या बाजूला उघडते. मज्जातंतूंकडून इशारा मिळाला की पिशव्या पेशीच्या पटलाला जुळतात आणि आतला माल बाहेर पडतो. त्याच गॉल्गी संकुलातून दुसरी वाट लयकारिकांकडे, म्हणजे पेशीतील पचनाच्या पिशव्यांकडे, जाते. पेशीतील जुनी, निकामी द्रव्ये तोडणारी विकरे (एन्झाइम) तेथे लागतात आणि त्यांतील बहुतेकांवर मॅनोज-६-फॉस्फेट ही रासायनिक खूण लावलेली असते. ती खूण ओळखणारे ग्राही प्रथिन त्यांना योग्य पिशवीत बसवते. ही खूण लावताच येत नाही असा आय-सेल नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक रोग आहे. त्यात लयकारिकांची विकरे पेशीबाहेर, रक्तात सांडतात आणि लयकारिका मात्र विकरांविना राहून न पचलेल्या द्रव्यांनी फुगतात. पत्ता चुकला की विकर किती मोठा घोळ घालते हे विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी मी नेहमी हेच उदाहरण घेत असे.

मॅडमनी मात्र नागपुरातील कळमन्याच्या फळबाजाराचा दाखला दिला, आणि खोलीतील प्रत्येकाला तो पटकन समजला. संत्र्यांची प्रतवारी होते, चांगला माल पेट्यांत भरून बाहेरगावच्या ट्रकवर चढतो, दबलेला आणि सडका माल वेगळ्या ढिगात जातो. ट्रक कोणता कोठे लावायचा हे सांगणारी माणसेच कमी-जास्त झाली, तर सडका माल गिऱ्हाइकाच्या पेटीत जाऊन पोहोचतो आणि सोबतची चांगली फळेही खराब करतो. पेशीतील अशा वाहतूक सांभाळणाऱ्या प्रथिनांना रॅब म्हणतात. अश्रुग्रंथीत रॅब-३डी आणि रॅब-२७ ही दोन त्यांतली प्रमुख आहेत. शोग्रेनसारखा आजार होणाऱ्या उंदरांमध्ये रॅब-३डी कमी पडते, रॅब-२७ शी असलेला त्याचा तोल बिघडतो आणि कॅथेप्सिन एस नावाचे लयकारिकेतील विकर अश्रूंच्या वाटेला लागते.

या कॅथेप्सिन एस बद्दल पुस्तिकेत दोन पाने आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. लयकारिकेच्या आत आम्लता बरीच असते, सामू (पीएच) ५ च्या आसपास. तिथली बहुतेक विकरे बाहेरच्या उदासीन वातावरणात आली की लवकर निकामी होतात, त्यामुळे चुकून सांडली तरी फारसे बिघडत नाही. कॅथेप्सिन एस मात्र उदासीन सामूतही काम करत राहते. अश्रू जवळजवळ उदासीन असल्याने तेथे पोहोचलेले हे विकर लॅक्टोफेरिन आणि संरक्षक प्रतिपिंडे यांचे तुकडे करते, तसेच पापणी आणि बुबुळ यांच्यातील घर्षण कमी करणारे ल्युब्रिसिन हे प्रथिनही तोडते. निरोगी अश्रूंत सिस्टॅटिन नावाची प्रथिने अशा विकरांना आवर घालतात. शोग्रेनच्या रुग्णांच्या अश्रूंत हा आवरही कमी पडलेला आढळला आहे. म्हणजे अश्रू थोडे, आणि जे थोडे आहेत त्यांतही संरक्षण कमी व झीज अधिक. "पट्टी तर ४ मिलिमीटर ओली होते, मग एवढी आग का?" हा प्रश्न ताईच नव्हे तर त्या सत्रातील आणखी दोघी विचारत होत्या. त्यांना मिळालेले हे पहिले समाधानकारक उत्तर असावे.

याच विकराची दुसरी भूमिकाही सत्रात आली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. संरक्षक पेशी एखाद्या प्रथिनाचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडून टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींना दाखवतात. ज्या रेणूत तो तुकडा बसतो त्याची खाच आधी एका राखणदार साखळीने झाकलेली असते, आणि ती साखळी कापून खाच मोकळी करण्याचे शेवटचे काम कॅथेप्सिन एस करते. शोग्रेनमध्ये ग्रंथीच्या पेशीही असे रेणू पृष्ठभागावर आणू लागतात, आणि दाह वाढवणारे इंटरफेरॉन-गॅमा या विकराची निर्मिती आणखी वाढवते. म्हणून वाहतुकीचा बिघाड आणि स्वतःवरचा हल्ला या दोन गोष्टी एकमेकींना पोसतात असे दिसते. आधी काय बिघडते, वाहतूक की संरक्षण, हा प्रश्न मॅडमनी मोकळाच सोडला. तो तसा सोडणे योग्यच होते.

पुस्तिकेबद्दल मात्र माझे दोन आक्षेप आहेत, आणि ते मी विभागाला लेखी कळवले आहेत. पहिला चित्राबद्दल आहे. सातव्या पानावर लयकारिका फुटून तिच्यातील विकरे सगळीकडे पसरताना दाखवली आहेत. ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ मध्ये लयकारिकांची ओळख करून दिल्यानंतर बराच काळ त्यांना 'आत्मघाती पिशव्या' म्हटले जाई, आणि आपल्याकडील अनेक शालेय पुस्तकांत तीच कल्पना अजून टिकून आहे. येथे जे घडते ते वेगळे आहे. लयकारिका फुटत नाही. विकर भलत्या पिशवीत बसून नियमित स्रावाच्या वाटेने, पेशीच्या योग्य टोकातूनच बाहेर पडते. जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्युडहॉफ यांना २०१३ चे नोबेल ज्या पिशव्यांच्या वाहतुकीच्या शोधासाठी मिळाले, त्या वाहतुकीतील हा बिघाड आहे. मॅडमचा कळमन्याचा दाखला हे अचूक सांगतो आणि त्याच पुस्तिकेतील चित्र ते पुसून टाकते. आजार समजावून घेण्यासाठी आलेल्या माणसाच्या मनात 'आपल्या पेशी फुटत आहेत' ही भीती राहिली तर पुस्तिकेचा हेतूच फसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रॅब-३डी आणि रॅब-२७ यांच्या तोलाबद्दलची माहिती मुख्यतः एनओडी या, स्वयंप्रतिकार आजार आपोआप होणाऱ्या जातीच्या उंदरांच्या अश्रुग्रंथींवरून आलेली आहे, आणि पुस्तिकेत 'उंदीर' हा शब्द एकदाच, तोही तळटीपेत येतो. या उंदरांमध्ये अश्रुग्रंथीचा दाह नरांना लवकर व तीव्र होतो, तर माणसांत आजार प्रामुख्याने स्त्रियांना होतो. एवढा एक फरकही सांगतो की उंदरावरून माणसाकडे येताना पायरी-पायरीने यावे लागते. माणसांच्या बाबतीत भक्कम म्हणता येईल अशी गोष्ट म्हणजे शोग्रेनच्या रुग्णांच्या अश्रूंत कॅथेप्सिन एस ची सक्रियता निरोगी स्त्रियांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळली. अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये हे प्रसिद्ध केले. पेशीच्या आतील कारण उंदरात दिसले आहे आणि अश्रूंतील परिणाम माणसात दिसला आहे, एवढे एक वाक्य पुस्तिकेत पुरेशा मोठ्या अक्षरांत असायला हवे.

सत्रात मात्र याबाबत कसलीही अतिशयोक्ती झाली नाही. एका गृहस्थांनी, पत्नीच्या अश्रूंतील हे विकर येथे तपासून मिळेल का, कितीही खर्च येऊ द्या, असे विचारले. मॅडमनी सांगितले की ही चाचणी आज रोजच्या निदानासाठी वापरली जात नाही, आणि तिच्यावाचून निदान अडत नाही. हे विकर रोखणारे तोंडी औषध शोग्रेनच्या रुग्णांना १२ आठवडे देऊन झालेल्या चाचणीत स्पष्ट फायदा दिसला नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले. धंतोली-रामदासपेठेत दर दहा पावलांवर तपासण्यांच्या पॅकेजची पाटी दिसते. तेथे एखादी नवी चाचणी विकण्याची संधी अशी सहज सोडून देणारे ठिकाण विश्वासास पात्र आहे असे मी मानते.

उपचारांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते प्रत्येक रुग्णाचे वेगळे असतात. ताईचे आधीचे थेंब बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) असलेले होते. दिवसातून आठ-दहा वेळा घातल्यास ते द्रव्य स्वतःच बुबुळाच्या पृष्ठभागाला त्रास देते, म्हणून ते बदलून परिरक्षकविरहित थेंब देण्यात आले. ते महाग आहेत, आणि उघडलेली एकमात्रा कुपी जपून ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नये हे घरात पुनःपुन्हा सांगावे लागते. दाह कमी करण्यासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरू झाले. सुरुवातीला आग होईल आणि फरक पडायला काही महिने लागतील, हे आधीच सांगितल्यामुळे ताईने ते मध्येच सोडले नाहीत. पिलोकार्पिनच्या गोळीने लाळ वाढते, पण घामही वाढतो. नियंत्रणात नसलेल्या दम्याचे आणि काही प्रकारच्या काचबिंदूचे रुग्ण ती घेऊ शकत नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात घाम वाढवणारी गोळी द्यावी की नाही याचा विचार करून मॅडमनी ती पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलली. गावाचे हवामान लक्षात घेऊन औषधाची वेळ ठरवणारे डॉक्टर मिळणे ही साधी गोष्ट नाही. कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपू नये आणि दुपारी बाहेर पडताना बाजूने बंद असलेला चष्मा वापरावा, या सूचनाही उपयोगी पडल्या.

आता उणिवा. हा आजार एकट्या नेत्रतज्ज्ञाचा नाही आणि या विभागात संधिवाततज्ज्ञ बसत नाहीत. ताईला त्यासाठी दुसरीकडे स्वतंत्र वेळ घ्यावी लागली, तेथे तिची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली, आणि दोन डॉक्टरांमध्ये झालेला संवाद म्हणजे आम्ही हाताने नेलेली चिठ्ठी एवढाच होता. दातांबद्दल प्रश्न नीट विचारले गेले, पण फ्लोराइडचा लेप आणि किडीवरची नियमित देखरेख यांची सोय किंवा शिफारस झाली नाही. ती ताईच्या दंतवैद्यांनी केली. शोग्रेनच्या रुग्णांमध्ये लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा, म्हणजे लिंफोमाचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तो साधारण ५ टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. कानाखालची सूज टिकून राहिली, वजन घटू लागले किंवा ताप येत राहिला तर थांबू नये, हे प्रत्येक रुग्णाला निदानाच्या दिवशीच लेखी मिळायला हवे. आम्हाला ते विचारल्यावर कळले. तसेच रो प्रतिपिंडे असलेल्या तरुण स्त्रियांना गर्भारपणात बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. सत्रात ताईच्या शेजारी बसलेली मुलगी पंचविशीच्या आतबाहेरची होती, म्हणून ही उणीव मला विशेष खटकली.

प्रतीक्षेचा वेळ फार आहे. वेळ घेऊन गेल्यावरही दीड-दोन तास सहज जातात, आणि प्रतीक्षाकक्षातील एसीचा झोत थेट खुर्च्यांच्या रांगेवर येतो. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांना तेथे बसवणे मला पटत नाही. ही तक्रार मी नोंदवहीत लिहिली आहे. पावती तपशीलवार मिळते, प्रत्येक चाचणीचा दर आधी सांगितला जातो, आणि रक्ततपासणी अमुक एका प्रयोगशाळेतच करावी असा आग्रह धरला जात नाही.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते, त्यामुळे मेट्रोने काँग्रेस नगर स्थानकावर उतरून ऑटो करणे सोयीचे पडते. तपासणीच्या सकाळी डोळ्यांत कोणतेही थेंब, काजळ किंवा सुरमा घालू नये. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्यांसह, तसेच वापरलेल्या थेंबांच्या बाटल्या सोबत न्याव्यात, कारण परिरक्षक कोणते ते बाटलीवरच वाचून पाहिले जाते. दंतवैद्याकडील जुने एक्स-रे असतील तर तेही घ्यावेत. माहितीसत्र ज्या दिवशी असते त्याच दिवसाची वेळ मागून घ्यावी, आणि घरातील एका माणसाने रुग्णासोबत पूर्ण वेळ बसावे.